खुंटीवरचा उजवा बूट

रघुदादा, तू चुकला होतास. तुझं तेरावं परवा झालं, आणि माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार शब्द चांगलेच बोलायचे असतात हे मलाही कळतं. पण आपलं भांडण दहा वर्षांचं आहे आणि ते अर्ध्यात टाकून तू निघून गेलास. तेव्हा आधी भांडण, बाकीचं नंतर.

शाळेच्या मैदानावर तुझी शोकसभा झाली. खुर्च्या, माइक, हार घातलेला फोटो, सगळं व्यवस्थित होतं. फोटोत तू कधी नव्हे तो भांग पाडलेला होतास. सगळ्यात जास्त वेळ माइक कुणी धरला असेल सांग. मुरबाडच्या फायनलला मांडवात उभा राहून जो ओरडत होता ना, "वाडीवाल्याला काढ, सुऱ्याला दे," म्हणजे मला, तोच. आता म्हणतो, "रघुनाथरावांनी कधी जात पाहिली नाही, पाडा पाहिला नाही, प्रत्येकाला समान संधी दिली." मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठून त्याच्या हातातला माइक काढून घ्यावा असं वाटलं. त्या दिवशी तुझ्या आईबहिणीवरून बोललेलं मी या कानांनी ऐकलंय. पण मग मला आठवलं की त्या दिवशी मीही काही कमी बोललो नव्हतो, म्हणून गप्प बसलो.

आपल्या टेनिसबॉल क्रिकेटच्या टीमचा मॅनेजर तू, आणि तुझी ती पद्धत. टीमला चार फास्ट बॉलर होते: मी, गणू, विलास आणि आदिवासी वाडीवरचा बुधा. मॅच सहा ओव्हरची, एका बॉलरला दोनच ओव्हर, म्हणजे मॅचला तिघे पुरायचे. बाकीच्या टीमा काय करायच्या? जो चांगला त्याला रोज टाकायला लावायच्या, आणि दोन मोसमात त्याचा खांदा गेला की दुसरा शोधायच्या. तू मात्र दुकानातल्या कॅलेंडरवर जानेवारीपासून मेपर्यंतची प्रत्येक मॅच लिहायचास आणि प्रत्येक मॅचखाली एक अक्षर. ज्याचं अक्षर तो बसणार. तीन मॅच टाकल्या की चौथीला आराम. मग समोर कुठलीही टीम असो, कुठलाही चषक असो.

"टेनिसचा बॉल हलका असतो रे," तू पंक्चर काढता काढता सांगायचास, "त्याला वेग द्यायचा तर खांदा झटकायला लागतो. झटका बॉलला नाय बसत, खांद्याला बसतो."

हे सगळं कुठे शिकला होतास कोण जाणे. तू स्वतः कधी बॉलिंग टाकली नाहीस. बॅटिंगला अकराव्या नंबरवर जायचास आणि पहिल्या बॉलला परत यायचास. सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यात ग्रीसने काळे झालेले हात, आणि डोक्यात चार जणांचे खांदे. बुधाच्या घरचे दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, त्याला आठवड्यातून एकच दिवस सुट्टी. विलास रात्रपाळीला. मी कल्याणला गोदामात हमालीला, तेही बोलावलं तर. या सगळ्यांच्या सुट्ट्या बघून तू ते कॅलेंडर बसवायचास. तालुक्यातले मास्तर शाळेचं वेळापत्रक लावताना एवढं डोकं खाजवत नसतील.

आणि बूट. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो आपल्याला खुळ्यात काढेल. एकदा विलासचा आराम असताना तू चहा प्यायला गेलास आणि हा पठ्ठ्या मैदानात उतरून ओव्हर टाकून मोकळा. तेव्हापासून तू ज्याचा आराम त्याचा उजवा बूट काढून घ्यायला लागलास. भात कापलेल्या शेतात मैदान, जमिनीत धसकटं, बिनबुटाचा कोण धावणार? तो बूट तुझ्या दुकानात टायरट्यूबच्या शेजारी खुंटीवर लटकायचा. बाजाराला आलेल्या बायकांनाही कळायचं की या रविवारी कोण बसणार. समोरच्या टीमची पोरं मुद्दाम हवा भरायला यायची, बूट बघून जायची. तुला सांगितलं तर म्हणायचास, "बघू देत. त्यांना कळून काय होणार हाय?"

उजवाच का, असं गणूने विचारलं होतं. "डाव्यावर पळून दाखव, मग डावा घेतो," म्हणालास.

नंबर आला की बूट परत मिळायचा, आणि त्यात एक चिठ्ठी असायची. कुठलं मैदान, कुठला वार, कितवी ओव्हर. तोंडाने तू कधी सांगायचा नाहीस. सहाव्या ओव्हरची चिठ्ठी निघाली की माझी छाती फुगायची, पहिलीची निघाली तर त्याहून जास्त. आम्ही सगळे तुला हसायचो, पण चिठ्ठी उघडताना हात धुऊन यायचो. हे खरं आहे आणि ते मी कबूल करतो.

आता मुरबाडवर येतो.

शनिवारी दोन मॅच, रविवारी सकाळी सेमी, दुपारी फायनल. कॅलेंडरवर पहिल्या मॅचखाली बुधा, कारण तो भट्टीवरून उशिरा पोचणार होता. दुसरीखाली गणू. सेमीखाली विलास. फायनलखाली मी. मी महिनाभर आधी ते बघितलं होतं आणि महिनाभर तुझ्या मागे लागलो होतो. मला पहिल्या मॅचला बसव. नाहीतर सेमीला बसव. कारण फायनलला एमआयडीसीतल्या एका कंपनीचा माणूस येणार होता, हे तुला माझ्या आधी कळलं होतं. त्यांच्या टीमला एक बॉलर पाहिजे होता. टीममध्ये घ्यायचे म्हणजे कामावर घ्यायचे, कायम. माझं वय तेव्हा चोवीस, घरी बापाची अडीच एकर आणि आम्ही तीन भाऊ. मला ती नोकरी पाहिजे होती, दादा. मला आयुष्यात एवढी दुसरी कुठलीच गोष्ट हवी नव्हती.

"पहिली मॅच हरलो तर फायनल कुठून आणशील?" तू म्हणालास.

"मग सेमीला बसव."

"तिथं विलास बसलाय."

"विलासला फायनलला बसव ना मग."

"त्याच्या चार मॅच होतील. त्याचा खांदा काय भाड्याने आणलाय?"

"आणि बुधा? तो आठवडाभर विटा उचलतोय. त्याचा खांदा नाय थकत?"

यावर तू सायकलचं चाक एकदा फिरवलंस. मग म्हणालास, "त्याला विचारलंस कधी?" मी विचारलं नव्हतं. तो वाद तिथेच राहिला आणि अजून तिथेच आहे. कॅलेंडर बघून भट्टीचा मालक विटा कमी करत होता का? ते सांगायला तू आता येणार नाहीस.

सेमीला मी पाच धावांत तीन विकेट घेतल्या. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मी बाहेर आलो, पाणी प्यायलो, आणि तू समोर उभा.

"डाव्या हातानं का पितोस?"

"असंच."

तू खाली वाकून माझ्या उजव्या बुटाची नाडी स्वतः सोडलीस आणि बूट पिशवीत टाकलास. हजार माणसांसमोर. मांडवात तो पांढऱ्या शर्टातला माणूस नुकताच खुर्चीवर येऊन बसला होता.

तू ओळखलं होतंस, नाही का? शेवटच्या ओव्हरला माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. पण खांदा माझा होता, दादा. तो कुठे मोडायचा हे मी ठरवणार होतो. मोडला असता तर त्या दिवशी मोडला असता, त्या माणसासमोर, बारा बॉल टाकून. पुढच्या रविवारसाठी तो जपून ठेवायला मी तुला सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाच्या खांद्यांचा मक्ता तुला कुणी दिला होता?

शेवटची ओव्हर बुधाला. त्यांना नऊ पाहिजे होत्या. पाच बॉल त्याने असे टाकले की मीसुद्धा टाकले नसते. शेवटच्या बॉलवर चार हव्या होत्या आणि सिक्स गेला. भाताच्या पेंढीवर जाऊन पडला तो बॉल, मला अजून दिसतो. लोक बुधाला नको नको ते बोलले, तुला बोलले. तू त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकून त्याला मैदानाबाहेर आणलंस. मी एका पायात बूट आणि एक पाय उघडा असा मुरबाडच्या एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. तुझ्याकडे बूट मागायला आलो नाही. डांबर तापलेलं होतं. लोक हसत होते ते वेगळंच.

त्या आठवड्यात तू गणूकडे निरोप पाठवलास, "बूट घेऊन जा म्हणावं." तेव्हा आपल्यापैकी कुणाकडे मोबाईल नव्हता, निरोप म्हणजे माणूसच. मी गणूला काय उत्तर दिलं ते त्याने तुला सांगितलं असेलच. "सांग त्याला, तुझ्या मढ्याच्या पायात घाल म्हणावं." शब्द जसेच्या तसे. गणूला सवयच होती निरोप पूर्ण पोचवायची.

तू गेलास त्या दिवशी तुला खाली ठेवला तेव्हा मी तुझ्या पायांकडे बघितलं नाही. बाकी सगळीकडे बघितलं.

मी टीम सोडली. दोन महिन्यांनी बातमी आली की त्या कंपनीने बुधाला घेतलं. फायनल हरवून देणाऱ्याला नोकरी आणि सेमी जिंकून देणाऱ्याला गोदामाची पोती. गावात लोक म्हणाले, रघुदादाने वाडीवाल्याचं ठरवूनच केलं. मी त्यांना नाही म्हणालो नाही. उलट हो म्हणालो. बुधाचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही, इतका हलकट मी नाही. त्याच्या पोरांनी भट्टी बघितली नाही, शाळेत गेली, हे चांगलंच झालं. माझा राग तुझ्यावर होता. तुझ्यावर राग धरून राहायला मला बरंही वाटायचं, कारण मग दुसरं काही बघायला लागत नव्हतं.

मग मी शहापूर–डोळखांब काळी-पिवळी चालवायला लागलो. स्टँड नेमका तुझ्या दुकानासमोर. मी जीप उलटी लावायचो, पाठ तुझ्याकडे. तरी आरशात ती खुंटी दिसायची. सायकली कमी झाल्या, तू मोटारसायकलींचे पंक्चर काढायला लागलास, कॅलेंडरं बदलली, टीमही मोडली. बूट तिथेच. नवीन गिऱ्हाइकं समजायची की दुकानाला दृष्ट लागू नये म्हणून टांगलाय. एकाने तर तुझं बघून आपल्या टपरीवरही बूट टांगला म्हणे. वर्षातून दोन-तीनदा तू रस्ता ओलांडून यायचास, जीपच्या बोनेटवर हात ठेवायचास आणि म्हणायचास, "सुऱ्या, बूट पडलाय तुझा."

"राहू दे," मी म्हणायचो. झालं. दहा वर्षांत आपण एवढंच बोललो.

आता मला सांग, याला बोलणं म्हणतात का? सरळ बोलायला तुला काय झालं होतं? तोंड काय ग्रीसने चिकटलं होतं?

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर वहिनीने मला हाक मारली. हातात कापडी पिशवी. "हा तुमचा हाय ना भावजी? दुकान रिकामं करतोय. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाय याला." आत बूट. इतक्या वर्षांचा धुरळा, पण नाडी गाठ न मारता नीट गुंडाळलेली. आणि आत चिठ्ठी. मी ती तिथेच उघडली, हात न धुता.

डोळखांब. रविवार. पहिली ओव्हर.

मला काहीच कळेना. शेजारी बुधा उभा होता, कंपनीचा शर्ट घालून तसाच ड्युटीवरून आलेला. त्याने चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन वाचली.

"तू आला नायस त्या रविवारी," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. फायनलच्या दुसऱ्या दिवशी तू दुकान बंद करून मुरबाडला गेलास, कंपनीच्या गेटवर. तो माणूस बाहेर येईपर्यंत उन्हात उभा राहिलास. आणि त्याला म्हणालास, आमचा एक बॉलर तुमी बघायचा राहिलाय, काल त्याचा खांदा दुखत व्हता म्हणून बसवला, येत्या रविवारी डोळखांबला या, पहिली ओव्हर तोच टाकेल. तो माणूस आला. त्यानेच पुढे हे बुधाला सांगितलं. तू पंचांना थांबवून ठेवलंस. समोरची टीम शिव्या द्यायला लागली. तू शहापूरच्या रस्त्याकडे बघत उभा, पिशवी खांद्याला. शेवटी पंचांनी दम दिला तेव्हा तू बुधाकडे आलास आणि त्याचा बूट त्याला दिलास.

"त्या दिवशी आराम माझा व्हता, सुऱ्या," बुधा म्हणाला. "कॅलेंडरवर माझं अक्षर. त्यांनी कधी कुणाचा आराम मोडला नाय. माझा मोडला. ती पहिली ओव्हर बघूनच त्या माणसानं मला घेतला."

"मला सांगितलं का नाय?"

"आलो व्हतो सांगाया. दोनदा. तू जीप चालू केलीस."

हे खरं आहे. मला आठवतं. मी मुद्दाम रेस जास्त दिली होती.

दादा, मी तुझ्यावर किती चिडलोय हे तुला कसं सांगू. एक शब्द, फक्त एक शब्द गणूबरोबर पाठवला असतास. "तो माणूस येतोय." तीन शब्द झाले. मी धावत आलो असतो, अनवाणी आलो असतो. पण नाही. साहेबांची पद्धत. बूट घ्यायला या, चिठ्ठी वाचा. मी इतका रागावलेला असताना तुला खात्री होती की मी बूट घ्यायला येईनच? एवढा भरवसा कशाच्या जोरावर ठेवलास? आणि नाही आलो, तरी पुढची दहा वर्षं बोनेटवर हात ठेवून तेच. बूट पडलाय. चिठ्ठी तशीच आत ठेवून. मॅच होऊन गेली होती, नोकरी गेली होती, तरी मी ती चिठ्ठी उघडावी एवढीच तुझी इच्छा होती, आणि ती तू मला सांगणार नव्हतास. मी मूर्ख होतो. पण तू माझ्यापेक्षा मोठा होतास, शहाणा होतास. मूर्खाशी कसं बोलायचं हे मोठ्याने शिकून घ्यायला नको का?

विलास दुसऱ्या टीममध्ये गेला होता, तुला माहीत आहे. तिथे त्याला रोज टाकायला लावायचे. परवा पंगतीत त्याचा उजवा हात वर जात नव्हता, शर्ट घालायला बायको लागते म्हणाला. मी रोज जीपच्या टपावर तांदळाच्या गोणी चढवतो, याच खांद्यावर. हे मी तुझ्या बाजूने लिहितोय असं समजू नकोस. जे आहे ते लिहितोय.

त्या डोळखांबच्या मैदानावरून मी दिवसातून चार वेळा जीप नेतो. दहा वर्षं नेतोय. तिथे माझी एक ओव्हर राहिली आहे हे मला माहीत नव्हतं.

पिशवी घेऊन निघालो तेव्हा वहिनी म्हणाली, "एकच बूट हाय भावजी, काय करणार नेऊन?" मी घरी आलो, माळ्यावर चढलो, आणि पत्र्याच्या पेटीतून डावा काढला. होय, ठेवला होता. मुरबाडहून आल्यावर विहिरीत फेकायला गेलो होतो आणि कठड्यावरून परत आणला होता. उंदरांनी टाच कुरतडली आहे, पण आहे. हे तुला सांगायचं राहून गेलं. तू बोनेटवर हात ठेवायचास तेव्हा प्रत्येक वेळी तोंडाशी यायचं आणि मी "राहू दे" म्हणायचो.

फायनलला तू चुकला होतास. मी अजून तेच म्हणतो आणि मरेपर्यंत म्हणेन.

उद्या रविवार आहे, दादा. मी हात धुतलेत आणि चिठ्ठी पुन्हा उघडली आहे. बूट दोन्ही आहेत.